आजोबांच्या गॅरेजची किंमत

शेताची किंमत सांगायला आमच्या वऱ्हाडात माणूस शोधावा लागत नाही. पारावर बसलेला कोणीही म्हातारा ढेकूळ उचलतो, बोटांनी चुरतो आणि एकराचा आकडा सांगून मोकळा होतो. तो फारसा चुकतही नाही. बैलाचे दात पाहणारे आहेत, कापसाचा धागा ओढून पाहणारे आहेत, खामगावच्या चांदीचा कस सांगणारे आहेत. पण रस्त्याकाठच्या एखाद्या गॅरेजची आणि त्याखालच्या जागेची किंमत काढा म्हटले, की हे सारे जाणकार एक तर गप्प होतात, नाहीतर सगळे एकदम बोलू लागतात. दोन्हींपैकी दुसरी आपत्ती मोठी.

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर आणि सिंदखेडराजा यांच्या मधल्या रस्त्यावर माझ्या आजोळी असे एक गॅरेज आहे. आईच्या वडिलांनी १९७४ साली स्वतःच्या कमाईतून रस्त्यालगत २० गुंठे जमीन घेतली आणि तिच्यावर पत्र्याचे छप्पर टाकले. नागपूरहून औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) जाणारा सारा माल तेव्हा मालेगाव, डोणगाव, मेहकर, सुलतानपूर, बिबी, दुसरबीड, सिंदखेडराजा असा जाई. रात्री अपरात्री पाटा तुटलेला ट्रक दारात येऊन उभा राही आणि आजी क्लीनरपोरांना भाकरी-पिठले करून घाली. आजोबा २०११ साली गेले, आजी २०१७ साली. मागे चार वारस राहिले: थोरले मामा, धाकटे मामा, माझी आई आणि अकोल्याची मावशी. गेल्या वर्षी धाकट्या मामांनी पुण्याहून फोन केला. म्हणाले, "आता त्या जागेचं काय ते करून टाकू. एक कोटी म्हणतात लोक."

मराठीच्या प्राध्यापकाला या व्यवहारात कोणी बोलावले, असे तुम्ही विचाराल. बोलावले आईने. आमच्या घरात कागद वाचण्याचे काम माझ्याकडे असते आणि सातबाराची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा फार सोपी असेल, अशी तिची समजूत आहे.

पहिला प्रश्न निघाला तो वाटणीचा. गावात प्रत्येक जुन्या जमिनीला 'वडिलोपार्जित' म्हणायची रीत आहे. पण आजोबांनी स्वतः विकत घेतलेली ही जमीन त्या अर्थाने वडिलोपार्जित नव्हे, स्वकष्टार्जित. मृत्युपत्र नसेल तर अशा मिळकतीत १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली केली. तिची चर्चा गावोगाव झाली. त्याआधीचा हा साधा हक्क मात्र पुष्कळ बहिणींना अजून ठाऊक नसतो. थोरले मामा मनाने अगदी सरळ. तेही म्हणाले, "माई, तू अन् धाकटी हक्कसोडपत्रावर सह्या करून टाका, मंग आमी दोघं भाऊ पाहून घेतो."

आई म्हणाली, "सोडते की. पण काय सोडतेय ते आधी कळू दे मला. किमतीचा आकडा समोर ठेव, मग सोडायचं की नाही ते मी ठरवीन."

आकडा समोर ठेवायचा म्हणजे काय, ते त्यानंतरच्या आठ महिन्यांत आम्हांला कळले.

जागा भागून चौघांना पाच पाच गुंठे का देऊ नये? हा विचार आमच्याही मनात आला. पण आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे आणि २०२३ च्या अधिसूचनेने बुलढाण्यासह बहुतेक जिल्ह्यांत शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरवले. त्याहून लहान तुकडा शेतीच्या जमिनीतून पाडून विकता येत नाही. आमची सगळी मिळून २०च. म्हणजे जागा राहणार एकत्र. वाटायचे ते पैसे. म्हणून किंमत हवी.

मेहकरला एक सरकारमान्य मूल्यांकक गाठले. गृहस्थ निवृत्त अभियंता, बोलणे मोजके. त्यांनी पहिल्यांदा टेप काढला. रस्त्याकडची बाजू भरली ९९ फूट, खोली २२० फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस, १०८९ चौरस फूट. ९९ ला २२० ने गुणा, बरोबर २० गुंठे येतात. आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी पावलांनी मोजलेली जमीन टेपाला एक फूटही कमी भरली नाही. मामांचे डोळे त्या क्षणी ओलावलेले मी पाहिले. (सातबारावर गुंठे लिहीत नाहीत, आर लिहितात. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१ हून किंचित जास्त. कागदावर २० आर वाचून कोणी २० गुंठे म्हटले तर व्यवहारात कोणी अडवत नाही.)

मूल्यांकक म्हणाले, किंमत काढायच्या वाटा तीन. एक, शेजारी कोणती जमीन कितीला गेली ते पाहायचे. दुसरी, आज हेच बांधायचे तर किती खर्च येईल तो मांडून जुनेपणाची घट वजा करायची. तिसरी, ही मिळकत वर्षाला काय कमावते ते पाहून, एवढे उत्पन्न मिळावे म्हणून शहाणा माणूस किती रक्कम गुंतवील ते काढायचे. तिन्ही वाटांनी एकाच गावाला पोचलात तर नशीब.

आम्ही तीन निरनिराळ्या गावांना पोचलो.

बांधकामाचा हिशेब त्यातल्या त्यात निर्विवाद. जुने छप्पर वादळात उडाल्यावर १९९९ साली नवे शेड घातले होते: ६० फूट लांब, ४० फूट रुंद, लोखंडी अँगलच्या कैच्या, वर पत्रा. क्षेत्र २४०० चौरस फूट. आज असे शेड उभारायला फुटाला ७०० रुपये धरले तर १६ लाख ८० हजार होतात. अशा शेडचे आयुष्य ४० वर्षांचे मानतात. त्यातली २६ गेली. मोडून भंगारात घातले तरी दहावा हिस्सा हाती येईल, तो सोडून बाकीच्या रकमेवर २६ वर्षांची घट धरायची. उरले ६ लाख ९७ हजार. जमिनीवरची फरशी मात्र त्यांनी शून्य धरली. मेहकरकडचा भाग बालाघाटाचा असला तरी आमच्या त्या पट्ट्यात काळी माती खोल आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे काँक्रीट पापडासारखे उचलून टाकते. पाया घेताना काळी काढून मुरूम भरला असता तर फरशी टिकली असती. पण १९७४ साली मुरमाच्या ट्रॉलीपेक्षा ट्रकचा जॅक विकत घेणे आजोबांना जास्त निकडीचे वाटले असणार. मला तरी त्यात गैर दिसत नाही.

जमिनीची गोष्ट गुंतागुंतीची. सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला सारे रेडी रेकनर म्हणतात, तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. त्यातला दर हा बाजारभाव नव्हे. त्याहून कमी किंमत दाखवली तरी शुल्क मात्र त्या दराने भरावे लागते, एवढाच त्याचा धाक. खरा भाव कळावा म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून आसपासच्या खरेदीखतांच्या नोंदी काढल्या. एक खरेदी मामेभावांमधली निघाली, ती बाद. नात्यात भाव नसतो. दुसरी चौफुलीवरच्या कोपऱ्याच्या जागेची, तीही बाद. तिसरी कामाची ठरली. तिच्यावरून रस्त्यालगतच्या अकृषिक जागेला फुटाला ३०० रुपये दर आमच्या गावापुरता निघाला.

हा दर साऱ्या जागेला लावायचा नसतो, हे मला नवे होते. रस्त्याला लागून असलेली माती आणि दोनशे फूट आतली माती एका भावाची कशी असेल? म्हणून जागेचे पट्टे पाडतात. पुढच्या पट्ट्याला पूर्ण दर, त्याच्या दीडपट खोलीच्या दुसऱ्या पट्ट्याला दोनतृतीयांश, उरलेल्याला निम्मा. आमचा पहिला पट्टा ५५ फुटांचा धरला: ५४४५ चौरस फूट, ३०० ने १६ लाख ३३ हजार. मागचे साडेब्याऐंशी फूट २०० च्या दराने तितकेच, आणि शेवटचे साडेब्याऐंशी फूट १५० ने सव्वाबारा लाख. जमीन जवळजवळ ४५ लाखांची, शेड धरून ५२ लाखांच्या घरात. धाकटे मामा फोनवर हे ऐकून जरा नाराज झाले, पण कोटीचा निम्मा तरी आकडा आला, म्हणून त्यांनी तो मनात लिहून ठेवला असावा.

मग मूल्यांककांनी सातबारा पुढे ओढला. आजोबांनी १९७८ साली बिनशेती परवाना काढला होता. पण तो फक्त पुढच्या पाच गुंठ्यांचा. मागचे पंधरा गुंठे कागदावर आजही जिरायत शेत, तिथे ट्रकचे जुने सांगाडे, निंबाची तीन झाडे आणि एक विहीर. शेतजमीन म्हणजे ती विकत घेणारा शेतकरीच हवा. विदर्भाला त्यासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे. हॉटेलवाला शहरी शेठ शेतकरी नसेल तर त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. तेव्हा त्या पंधरा गुंठ्यांना २०० आणि १५० चे दर लावणे म्हणजे न मिळालेल्या परवान्याची किंमत आज मोजणे.

आणि खरी मेख पुढेच होती. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरच्या आत नवी इमारत उभारता येत नाही. ती इमारत रेषा. त्यापुढे ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा, तिच्या आत परवानगीवाचून काही करता येत नाही. आमच्या जागेची हद्द रस्त्याच्या मध्यापासून १५ मीटरवर सुरू होते. म्हणजे पुढचे २५ मीटर, जवळजवळ ८२ फूट, नव्या बांधकामाला बंद. बिनशेती परवाना आहे तो पुढच्या ५५ फुटांचा! जिथे परवाना आहे तिथे बांधता येत नाही आणि जिथे बांधता येईल तिथे परवाना नाही. जुने शेड उभे आहे तोवर उभे आहे. पाडले की पुन्हा त्याच जागी उठणार नाही. थोरले मामा हे ऐकून हसतच सुटले. म्हणाले, "म्हंजे या पत्र्यायले आता जपाच लागते म्हना."

मूल्यांककांनी पुढच्या पट्ट्याचा चौथा हिस्सा कापला: सव्वाबारा लाख राहिले. मागचे पंधरा गुंठे रस्त्याकाठचे शेत म्हणून गुंठ्याला एक लाखाने धरले: पंधरा लाख. शेडचे ६ लाख ९७ हजार. बेरीज ३४ लाख २२ हजार.

आता तिसरी वाट, उत्पन्नाची. आजोबांच्या मागे गॅरेज चालवतात ते मिस्त्री. वयाच्या चौदाव्या वर्षी हेल्पर म्हणून आले, पाने पुसता पुसता इंजिन उतरवायला शिकले. २०१२ पासून ते जागेचे भाडे देतात, महिना आठ हजार. वर्षाचे ९६ हजार, त्यातून ग्रामपंचायतीचा कर आणि दुरुस्ती असे १६ हजार वजा, उरले ८० हजार. शेकडा आठ टक्के उत्पन्नाच्या हिशेबाने ही मिळकत फक्त दहा लाखांची! मागची दहा लाखांची, मधली चौतीस लाखांची आणि चहाच्या टपरीवरची एक कोटीची. जागा तीच, निंब तेच.

टपरीवरच्या कोटीचा उगम मी शोधला. तो समृद्धी महामार्गात आहे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि इगतपुरीकडचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. आमच्या जिल्ह्यात तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या बाजूने जातो. जमिनी संपादन करताना सरकारने संमतीने देणाऱ्यांना ठरलेल्या दराच्या पाचपट मोबदला दिला. एखाद्या घरात अचानक कोटी रुपये आले, नवे घर झाले, पोरांना गाड्या आल्या. हे साऱ्या पंचक्रोशीने पाहिले. तेव्हापासून कोणत्याही जागेचा भाव विचारा, माणूस मनात पाचाने गुणतो. पण पाचपट मिळाले ते रस्त्याखाली गेलेल्या जमिनीला. शेजारच्या शेताला काही मिळाले नाही, आणि पुढेही आपोआप मिळायचे नाही. कारण या नव्या रस्त्याला शेजार नाही. दोन्ही बाजूंना कुंपण, आत शिरायला मेहकर, दुसरबीड, सिंदखेडराजा अशी ठरावीक दारे. त्याच्या काठावर पंक्चरचे दुकान टाकता येत नाही. जुन्या रस्त्याचे सारे मोल काठाचे होते. (खामगाव–जालना रेल्वेची मागणी तर इंग्रजी अमदानीपासूनची, तिची बातमी छापून आली की चिखलीकडे जमिनींचे भाव आठवडाभर चढतात, असे मामा सांगतात.)

मिस्त्रींनी मला त्यांची वही दाखवली. २०२२ च्या दिवाळीपर्यंत महिन्याला तीस-चाळीस ट्रक, खाजगी बसगाड्या. पुढच्या वर्षी रात्रीची वाहतूक वरून निघून गेली आणि ट्रक दहावर आले. उरले ट्रॅक्टर, मळणीयंत्रे, गावातल्या मोटारसायकली. जूनमध्ये पेरणी आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, हेच आता त्यांचे दोन हंगाम. वहीच्या मागच्या पानांवर उधारी होती, एक लाख नव्वद हजार. मी विचारले, यातली वसूल किती होईल? ते म्हणाले, "सोयाबीन विकलं का देतेत, सर. भाव भेटला त." मूल्यांककांनी वही हातात घेतली, दोन पाने उलटली आणि परत दिली. ही मिळकत मिस्त्रींची, जागेची नव्हे, एवढेच म्हणाले.

हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. भाषेत आपण भाव, दर, किंमत आणि मोल हे शब्द सरमिसळ वापरतो. त्यातला 'किंमत' अरबीतून आलेला, 'मोल' संस्कृत मूल्याचा मुलगा. या गॅरेजच्या जमिनीला किंमत होती. पण बिबीपासून सुलतानपूरपर्यंतचे ट्रॅक्टरवाले तिथे येतात ते आवाजावरून इंजिनाचा रोग सांगणाऱ्या माणसाकडे. उद्या ते चार किलोमीटर पुढे जाऊन बसले तर गिऱ्हाईक त्यांच्या मागे जाईल आणि आमच्याकडे ९९ फुटांची दर्शनी बाजू उरेल. आठ हजारांचे भाडे कमी, असे धाकटे मामा म्हणत होते. बाजाराने पाहिले तर ते कमी आहेही. पण त्या भाड्यात राखणदारी धरलेली नाही. तेरा वर्षांत त्या जागेवर कोणी टपरी टाकली नाही, हद्दीचा दगड हलला नाही.

एक गोष्ट मात्र मिस्त्रींच्या बाजूची नव्हती. शेडच्या मागे पन्नास वर्षे इंजिनातले काळे ऑइल जमिनीवर ओतले गेले होते. मूल्यांककांनी काठीने उकरले; हातभर खोल माती डांबरासारखी. जळके ऑइल हा २०१६ च्या नियमांनी घातक कचरा ठरतो आणि तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावा लागतो. विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता. आजी त्याच पाण्याने क्लीनरपोरांना आंघोळी घालायला लावी. माती काढून टाकायला किती लागतील, याचा अंदाज धरून मूल्यांककांनी वरचे बावीस हजार सोडून दिले आणि आकडा ३४ लाखांवर आणला. मला हा आकडा थोडा उदार वाटतो. विहीर साफ करायला गेलो तर बावीस हजारांत भागणार नाही.

चौतीस लाखांचे चार भाग, साडेआठ लाख. गेल्या मे महिन्यात आम्ही सारे थोरल्या मामांच्या ओसरीवर बसलो. धाकटे मामा कोटीवरून पंचावन्नवर, तिथून चाळीसवर आले. पण चाळीसला घेणारा कोण, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. फोनवरचा हॉटेलवाला इमारत रेषेचे ऐकल्यावर पुन्हा बोललाच नाही. मावशीला नातवाच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते. तिने सरळ सांगितले, "मला माझे साडेआठ द्या, माझा आकड्यावर वाद नाही." थोरले मामा सोयाबीनवाले; एकदम पंचवीस लाख आणायचे कुठून?

शेवटी ठरले ते असे. थोरले मामा जागा स्वतःकडे ठेवतील. मावशीला पूर्ण रक्कम या वर्षी, धाकट्या मामांना तीन हप्त्यांत. मिस्त्रींना पाच वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार, भाडे दहा हजार, आणि जळके ऑइल पिंपात साठवून अधिकृत माणसाला देण्याची अट. ती अट त्यांनी सर्वांत आधी मान्य केली. म्हणाले, त्या ऑइलला आता पैसे भेटतेत.

आईचे राहिले होते. सगळे तिच्याकडे पाहू लागले. ती म्हणाली, "दादा, साडेआठातले साडेतीन मी सोडते. तू मला बहीण म्हणून दिवाळीला बोलावतोस, ते त्यात धर. बाकीचे पाच लाख मला हवेत. माझ्या नावावर, माझ्या खात्यात." मामा काही बोलले नाहीत, आत जाऊन मामींना चहा टाकायला सांगून आले.

दस्त अजून व्हायचा आहे. मोजणीची 'क' प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून मिळाली की चौघे मिळून मेहकरला दुय्यम निबंधकाकडे जायचे आहे, तारीख दिवाळीनंतरची. मावशी अकोल्याहून बसने येणार आहे. मागच्या पंधरा गुंठ्यांच्या बिनशेतीसाठी मामांनी अर्ज लिहायला माझ्याकडे दिला आहे. त्यात 'विनंती' हा शब्द किती वेळा यावा, यावर आमचा मतभेद चालू आहे.